गावात शेठ, दुबईत हेल्पर

आखातात नोकरी करणारे आणि त्यांच्या घरचे माझ्याकडे सारखा एकच प्रश्न घेऊन येतात. पैसा येतोय, गावात स्लॅबचं घर झालं, मुलं इंग्लिश मीडियमला गेली, मग कामात मन का लागत नाही? म्हणून ही एक केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

चिपळूणकडचे एसी टेक्निशियन, दुबईत बरीच वर्षं. तिकडे व्हॉट्सॲप कॉल चालत नाही म्हणून बोटिम या कॉलिंग ॲपवर बोलायचो, ते कामगारांच्या कॅम्पच्या जिन्यात बसून, कारण खोलीत आठ जण. म्हणाले, "मॅडम, गावात शेठ म्हणतात आणि इथे व्हिसावर हेल्पर लिहिलंय. नोकरी बदलू का?"

पगाराचा विषय मी बाजूलाच ठेवला. विचारलं, या आठवड्यात कुठलं काम केल्यावर बरं वाटलं?

जरा गप्प बसले आणि मग सुटलेच! एका टॉवरचा चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारं मोठं मशीन, सारखा ट्रिप होऊन बंद पडत होता, इंजिनिअर बघून गेले, यांनी पाइपला हात लावून ओळखलं की पाणी नीट फिरत नाहीये, स्ट्रेनर, म्हणजे पाइपातली गाळणी, उघडला तर गाळाने भरलेला.

"घरी सांगितलंत?"

"कसं सांगू? घरच्यांना वाटतं मी सुपरवायझर आहे, ऑफिसात बसतो."

माझं पहिल्यापासून मत आहे की परिस्थितीपेक्षा आपणच स्वतःला घातलेल्या अटी जास्त छळतात. यांची अट होती, मोठा दिसलो तरच मान. त्यापायी खरं काम लपवायचं, मग त्याचं कौतुक होणार कसं? पण हे मी बोलले नाही, नुसतं विचारत गेले, शेवटी तेच म्हणाले, "म्हणजे मान त्या सुपरवायझरलाच मिळतोय, मला नाहीच." हे त्यांच्याच तोंडून आलं याचं मला आजही समाधान आहे.

अशा सगळ्यांना माझं सांगणं, आधी बायकोला खरं सांगा, गावाचं नंतर बघू. मग कागदांकडे वळा. यूएईत २०२२ पासून करार ठराविक मुदतीचेच असतात, त्यामुळे रिन्यूअलच्या वेळी पदनाम बदलून मागता येतं, आणि पगारवाढ अलाउन्समध्ये न घेता बेसिकमध्ये मागा, कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली ५ वर्षं वर्षाला २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची.

त्यांची बायको आधी चिडली, दोन दिवस बोलली नाही, मग चिलर म्हणजे काय ते विचारलं. नोकरी त्यांनी बदललेली नाही, पदनामाचा अर्ज दिलाय.