उठताना आवरावं न लागणारं टेबल

प्रिय,

तू पाठवलेले तुझ्या चित्रकामाच्या टेबलाचे फोटो पाहिले. बरण्यांमध्ये उंचीप्रमाणे लावलेले ब्रश, वरची फळी, सगळं देखणं आहे. पण संध्याकाळी त्याच टेबलावर घरातले सगळे बसतात, असं तू शेवटी सहज लिहिलं आहेस आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. म्हणजे काम रोज मांडायचं, रोज उचलायचं. त्यात पंधरा-पंधरा मिनिटं जाणार. ज्या दिवशी हाताशी अर्धाच तास असेल, त्या दिवशी चित्र राहूनच जाईल. आणि असे दिवसच जास्त असतात.

म्हणून आधी अशी जागा शोध, जिथे अर्धवट काम उद्यापर्यंत जसंच्या तसं पडून राहील. लहान असली तरी चालेल. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या बेचक्यात ९० बाय ६० सेंटिमीटरची फळी टाकून मी चार वर्षं काम केलं. कोपर कपाटाला लागायचं, पण काम कुणी हलवायचं नाही. तेवढीही जागा नसेल तर प्लायचा एक बोर्ड घे. चित्र, पट्टी, खोडरबर सगळं त्याच्यावरच, आणि उठताना अख्खा बोर्ड उचलून कपाटावर सरकवायचा. दुसऱ्या दिवशी पेन्सिल ठेवली तिथेच सापडते. तिचं टोक ज्या रेषेकडे असतं, तिथूनच हात पुढे चालू लागतो.

उजेडाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. सुरुवातीला एकदा रात्री पिवळ्या बल्बखाली जलरंगाचं चित्र करत होते. आकाशाला फिका पिवळा हात द्यायचा होता. देत गेले, देत गेले, कागदावर काही दिसेचना. सकाळी पाहते तर आकाशाला कावीळ! तशा उजेडात पांढरा कागदच पिवळट दिसतो, मग फिका पिवळा त्यात विरून जातो. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० म्हणजे पिवळट, ५००० च्या आसपास म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा. पण तेवढ्यावर थांबू नकोस, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, तोही बघ. दोन बल्ब ५००० चेच असले तरी एकाखाली लाल रंग खुलतो आणि दुसऱ्याखाली मळकट दिसतो, तो फरक बराचसा या आकड्यात कळतो. रंगकामाला ९० च्या वरचा घे.

आणि दिवा जवळ हवा. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाई उरतो, म्हणून छताला मोठा दिवा लावण्यापेक्षा वाकणारा लहान दिवा टेबलाशी बरा. उजव्या हाताने काढत असशील तर तो डावीकडे ठेव, नाहीतर हाताची सावली नेमकी चालू रेषेवर पडते.

खुर्ची-टेबलाचं थोडक्यात सांगते. खांदे सैल सोडून बस, कोपर काटकोनात आण, हात जिथे येतो तिथे टेबलाचा वरचा भाग हवा. टेबल उंच असेल तर खुर्ची उंच कर आणि पायाखाली काहीतरी ठेव. मान फार खाली जात असेल तर बोर्डाच्या मागच्या कडेखाली दोन जाड पुस्तकं सरकव.

कप्पे, ट्रे, खण यातलं काहीही आत्ता घेऊ नकोस. महिनाभर काम कर. हात उठल्याबसल्या जिथे जातो तिथे काय ठेवायचं ते आपोआप कळेल. मी आधी घेतलेल्या खणांमध्ये आजही जुन्या वायरी आहेत.

पुढे तैलरंगाकडे वळायचं मनात आहे, असं तू लिहिलं आहेस. तेव्हा एक गोष्ट विसरू नकोस. तैलरंगात वापरतात त्या जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाही. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळ्याच्या आत ती उष्णता कोंडली की चिंधी काडी न लावताही पेटू शकते. मोकळ्या हवेत पसरून वाळव, किंवा पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाक. रंग पातळ करायला टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेव.

खिडकीवरून आठवलं, तुझी खिडकी कोणत्या दिशेला आहे ते फोटोतून कळलं नाही. आपल्या उत्तर गोलार्धात उत्तरेकडची असेल तर बहुतेक दिवस थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. पश्चिमेची असेल तर दुपारनंतरच्या उन्हाची सोय करावी लागेल. दिशा कळव, मग दिवा कुठे लावायचा ते ठरवू.

तुझी,
मावशी