बारावीनंतर वनशास्त्र घ्यावे की वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र? वनखात्यातील नोकरीसाठी कोणती पदवी बरी?

केवळ खात्यातील नोकरीपुरते विचारत असाल, तर अमुकच पदवीवाचून कोणाचे अडत नाही. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला वनशास्त्र, कृषी आणि अभियांत्रिकीचे पदवीधर बसतात, तसेच वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित यांपैकी एखादा विषय पदवीला असलेलेही बसतात. राज्यात वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. वनरक्षकाला तर बारावी पुरते.

परंतु ‘वनशास्त्र म्हणजे ना धड शेती, ना धड विज्ञान, असे आमचे सर म्हणतात’ हे जे वाक्य तुम्ही प्रश्नात घातले आहे, त्यासाठी हे उत्तर लिहिते आहे. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात चार वर्षे वनशास्त्र शिकले, आणि हेच वाक्य घरात माझ्या आतेभावाकडून वर्षानुवर्षे ऐकले. तो वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. असून महाविद्यालयात शिकवतो.

आमच्या सामाईक जमिनीतील साग आणि ऐन विकायचे ठरले, तेव्हा व्यापाऱ्याने आधी सगळ्यांचा उक्ता भाव सांगितला आणि सर्वांना तो बरा वाटला. मी हट्टाने झाडे मोजायला लावली. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, प्रत्येक खोडाचा घेर घेतला, उंची काढली, पोकळ आणि वाकडी खोडे वेगळी लिहिली. मग व्यापारी घनफुटावर आला. पण त्याचे घनफूट चौथाई घेराचे होते. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका घ्या. घेराचा चौथा भाग एक फूट, त्याचा वर्ग गुणिले लांबी, म्हणजे दहा घनफूट. तोच ओंडका गोल धरून मोजला तर जवळजवळ पावणेतेरा भरतो. माप रूढ पद्धतीचे आहे, त्यात फसवणूक नाही, कारण करवतीत आणि साल-पाठ काढण्यात माल जातोच. पण दर ठरवताना हा एकवीस टक्क्यांचा फरक माहीत असणारा आणि नसणारा, यांच्या पदरात पडणारे पैसे सारखे नसतात. आतेभावाने त्या दिवशी ऐनाच्या पानाच्या देठाजवळच्या ग्रंथी सर्वांना दाखवल्या. त्या त्याने अचूक दाखवल्या, हे मान्यच आहे. मात्र त्या झाडात लाकूड किती, ते आता तोडावे की आणखी वाढू द्यावे, तोडल्यावर खुंटाला फुटवे येतील का, आणि तोडीची परवानगी व वाहतूक पास कोणाकडून घ्यायचा, यांपैकी एकाचेही उत्तर त्याच्याकडे नव्हते. सौदा नंतर वाढीव दराने झाला, तरीही त्याचे मत बदललेले नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याला जंगल राखायचे, वाढवायचे आणि त्याचा हिशेब ठेवायचा आहे, त्याने वनशास्त्रच घ्यावे. वनमापन, वनसंवर्धन, काष्ठविज्ञान, रोपवाटिका हे विषय जीवशास्त्राच्या पदवीत एक तर नसतात किंवा प्रकरणापुरते असतात. ज्याला बेडूक, मुंग्या किंवा वनस्पतींचे वर्गीकरण यांत आयुष्य घालवायचे आहे, त्याने खुशाल जीवशास्त्र घ्यावे आणि पुढे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रयत्न करावा. वनशास्त्राच्या पदवीधरांना देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेतील (आयआयएफएम) व्यवस्थापन हे दोन मार्ग आहेत.

एक राहिले. दापोली काय किंवा अकोला काय, प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो, तेव्हा ‘कुठेच न मिळालेल्यांची सोय’ वगैरे सरांना म्हणू द्या. मात्र खात्याची जाहिरात दरवर्षी निघेलच असे नाही, आणि वन सेवेसाठी पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, स्त्रियांना १४ किलोमीटर चालून दाखवावे लागते. ती चाल पदवी कोणतीही असली तरी सुटत नाही. परीक्षेची तयारी करताना हाती दुसरे काम असावे, आणि रोपवाटिका, खासगी वृक्षलागवड किंवा कागद कारखान्यांच्या लागवड विभागात ते वनशास्त्रवाल्याला तुलनेने लवकर मिळते. पगार सुरुवातीला बेताचाच असतो.