उंदीर ठरवण्याआधी त्याचा कान बघ

अगं, तुझ्या संशोधनाच्या प्लॅनचा ड्राफ्ट काल ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्याच वाचून काढला. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा औषधाने थांबतो का हा प्रश्न मस्तच आहे, पण प्राण्याच्या रकान्यात नुसतं 'सी५७ उंदीर' लिहून मोकळी झालीस, तिथे मी अडकलो.

हे काळे उंदीर सगळीकडे सहज मिळतात म्हणून सगळे तेच उचलतात. पण त्यांच्या कॅडहेरिन २३ जीनमध्ये मुळातच खोट असते, त्यामुळे वयाच्या काही महिन्यांतच त्यांना वरच्या फ्रिक्वेन्सी ऐकू येईनाशा होतात. मग तू सहा महिन्यांचे उंदीर घेतलेस, आवाज ऐकवलास, आणि ते बहिरे निघाले, तर ते आवाजाने की वयाने, सांगणार कसं? गाईडने नाही विचारलं तर रिव्ह्यूअर विचारणारच. सीबीए जातीचे घे, ते म्हातारपणापर्यंत बऱ्यापैकी ऐकतात. मिळायला त्रास होईल, होऊ दे.

आणि तू फक्त थ्रेशोल्ड मोजणार आहेस ना, म्हणजे किती डेसिबलला मेंदूकडून प्रतिसाद येतो ते? तेवढ्याने भागत नाही. कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये सीबीए उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला, पुढे थ्रेशोल्ड पूर्ववत झाले, हेअर सेल (कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) जागच्या जागी, पण हेअर सेल आणि नस यांच्यातले सिनॅप्स, म्हणजे जोड, काही भागांत निम्म्याच्या आसपास गेलेले. रिपोर्ट नॉर्मल आणि कान आतून पोखरलेला! म्हणून एबीआरच्या (आवाज ऐकवून नस आणि मेंदूकडून येणाऱ्या विद्युत लाटा टिपायची चाचणी) पहिल्या, म्हणजे नसेकडून येणाऱ्या लाटेची उंची पण मोज, आणि शेवटी कॉक्लिया (कानाच्या आतला शंखासारखा भाग) काढून सिनॅप्स मोजायचं कामही प्लॅनमध्ये धर. ते किचकट आहे, डोळे दुखतात, पण तुझ्या औषधाचं खरं काय ते तिथेच कळेल.

एबीआर करताना बेशुद्ध उंदीर पटकन गार पडतो आणि अंग गार झालं की लाटा उशिरा येतात, ते बहिरेपण समजून बसू नकोस. हीटिंग पॅड ठेव आणि तापमान प्रत्येक रीडिंगसोबत लिही. खोली आपल्याला शांत वाटते पण उंदराला आपल्या कितीतरी वरच्या फ्रिक्वेन्सीचं ऐकू येतं, त्यामुळे बाजूला बांधकामाचं ड्रिलिंग नसलं तरी एखादं मशीन त्याच्यासाठी बोंबलत असू शकतं. (गणपतीच्या आठवड्यात तर रीडिंग घेऊच नकोस, आपल्याकडचा डीजे माणसांचेच कान फोडतो.)

जन्मजात बहिरेपणावर पुढे जायचं म्हणतेस, तर एक लक्षात ठेव. आपल्याकडे जीजेबी२ जीनमधला बिघाड बराच सापडतो, तो असलेल्या मुलांना ऐकू येत नाही पण बाकी तब्येत छान असते. उंदरात तेच जीन पूर्ण काढलं तर पिल्लू गर्भातच मरतं, म्हणून ते फक्त कानापुरतंच बंद करावं लागतं.

झेब्राफिशचं नंतर बोलू. तिच्या अंगावरच हेअर सेल असतात आणि मेले तरी पुन्हा उगवतात, आपले उगवत नाहीत, त्यामुळे औषधांची पहिली चाळणी लावायला ती चांगली, 'बरं झालं' म्हणायला नाही.

एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये प्राण्यांची संख्या अंदाजे टाकू नकोस, सॅम्पल साईजचं गणित मांड. शनिवारी ऐरोलीला येताना तेवढं करून आण, उंदराच्या जातीचा रकाना तेव्हाच बदलू.