वाचक विचारतात : मॅग्नेशियमचा कीस आणि आग

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये आता मॅग्नेशियमच्या कास्टिंगचं मशीनिंग सुरू होतंय. नेहमीचं पाण्यात मिसळायचं कूलंट (कापताना टूल गार ठेवणारा द्रव) चालेल का? भिंतीवर आग विझवायचे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आहेत, ते पुरतील ना?

उत्तर : आधी सिलिंडरचं बोलू, कारण जीवघेणा गैरसमज तिथे आहे. पेटलेलं मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजनही ओढून घेतं आणि जळतच राहतं. पाणी मारलं तर हायड्रोजन सुटून भडका उडतो, वितळलेला धातू चहूकडे उडतो. साध्या आगींसाठीची नेहमीची एबीसी पावडरही इथे कामाची नाही. डी-क्लास, म्हणजे धातूच्या आगीसाठीची पावडर लागते, बहुधा सोडियम क्लोराइडची. ती प्रत्येक मशीनजवळ घट्ट झाकणाच्या डब्यात, लांब दांड्याच्या फावड्यासकट ठेवा. आग लागली की पावडर फेकू नका. हलक्या हाताने पसरून तीन-चार सेंटिमीटरचा थर द्या आणि पूर्ण थंड होईपर्यंत तो उकरू नका. वरून विझल्यासारखं दिसलं तरी आत धग असते. वाळू वापरायची तर ती खडखडीत कोरडी हवी.

आता कूलंट. अखंड कास्टिंग सहजी पेटत नाही. त्याला 650 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे वितळण्याइतकं तापावं लागतं. बारीक कीस मात्र क्षणात तापतो. म्हणून धारदार टूल आणि जाड चिप (कापताना निघणारी कतरण) हाच खरा बचाव. फीड (टूल पुढे सरकण्याचं प्रमाण) फार कमी ठेवलं, टूल बोथट झालं किंवा कट संपल्यावर जॉबवर तसंच घासत राहिलं की ठिणगी पडते. शक्यतो कोरडंच कापा. कूलंट हवंच असेल तर पातळ खनिज तेल घ्या, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते) किमान 135 अंश सेल्सिअस. साध्या पाणीमिश्रित कूलंटमध्ये पडलेल्या किसातून हळूहळू हायड्रोजन निघतो आणि बंद टाकीत साठतो. मॅग्नेशियमसाठी खास बनवलेली कूलंटं मिळतात, पण तीही टाकी आणि मशीनचं कव्हर हवेशीर असेल तरच.

कीस दर पाळीला काढा. त्यावर हवेचा पाइप मारू नका, साधा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. ब्रश आणि ठिणगी न पाडणारं फावडं वापरा. कोरडा कीस झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये, ओला वेगळ्या, हायड्रोजन बाहेर जाईल अशा ड्रममध्ये. अर्धवट ओली पूड सर्वांत वाईट : ओलीमुळे ती आतल्या आत तापत जाते आणि ती उष्णता शोषायला पुरेसं पाणी नसतं. चीनमधल्या कुनशान इथे 2014 साली चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात ओल लागलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पुडीपासूनच स्फोट झाला आणि शंभराहून अधिक कामगार गेले. मॅग्नेशियम घासता त्याच ग्राइंडरवर पोलादही घासत असाल तर ते आजच थांबवा. गंज आणि हलक्या धातूची पूड एकत्र आली की थर्माइटची, म्हणजे त्या दोघांच्या अतिशय तापणाऱ्या अभिक्रियेची ठिणगी पडते.

प्रश्न : अंगावर जळता कण उडाला तर?

उत्तर : कण कातडीवर असताना पाणी नको. आधी कोरड्या ब्रशने किंवा चिमट्याने काढा, मग वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा. रुतलेला कण निघत नसेल तर खनिज तेलात भिजवलेलं कापड ठेवून लगेच दवाखान्यात न्या. कपडे आग न धरणाऱ्या सुती कापडाचे घाला, बाहेरचे खिसे आणि दुमडलेल्या बाह्या नकोत. कीस नेमका तिथेच साठतो.