महागडा आयईएम पातळ वाजतोय? विकण्याआधी डावा कान तपासा

तीन आयईएमपैकी (कानाच्या आत बसणारे इअरफोन) सर्वांत महागड्यात बेस नाही, वरचे सूर टोचतात आणि बेस गिटार उजवीकडे झुकल्यासारखी वाटते, असं तुम्ही लिहिलंय. अहो, हे शब्दशः माझंच दुखणं! विक्रीची जाहिरात टाकली असेल तर आधी ती काढा.

मी डब्यात आधीच लावलेल्या मधल्या मापाच्या टिप्स (कानात जाणाऱ्या मऊ टोप्या) दोन्ही कानांत घालून मोकळा झालो होतो. डावीकडे बेस कमी, म्हणजे ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) गेला, हे मनाशी पक्कं. सर्व्हिस सेंटरला दोनदा पाठवला, दोन्ही वेळा 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत. संताप याचा की त्यांचं खरंच होतं! पण कुठली टिप वापरता, एवढा एक प्रश्न कोणाला विचारावासा वाटला नाही. फॉर्मवर अनुक्रमांकाला तीन रकाने, कानाला एकही नाही. शेवटी वैतागून अर्ध्या किमतीत विकला. घेणाऱ्याने दोनच दिवसांत कळवलं, "बेस काय जबरदस्त आहे!"

पुढचा जोड दुसऱ्या कंपनीचा, तरी डावीकडे तेच रडगाणं. एका रात्री ऐकता ऐकता डाव्या कुशीवर वळलो, उशीने आयईएम आत दाबला गेला आणि बेस धाडकन आला. माझा डावा कान उजव्यापेक्षा रुंद आहे. टिप नीट बसत नव्हती, त्या फटीतून खालचे सूर निसटत होते, आणि खालचे गेले की उरलेले वरचे टोचणारच. आता डावीकडे मोठी टिप, उजवीकडे मधली. दिसायला विचित्र, पण वाजतं झकास.

तुम्ही ५० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि एकेक बाजू बोटाने अलगद दाबा. दाबल्यावर बेस वाढला तर गळती आहे. काही फरक पडला नाही तर नोझलच्या (टिप बसते त्या नळीच्या) जाळीत मळ अडकलाय का ते बघा (सुई घालू नका, मीही एकदा घातली होती).

सील जमल्यावरच, म्हणजे टिप फट न ठेवता बसल्यावरच, तिन्हींची तुलना करा, तीही आवाज जुळवून. जो थोडा मोठा वाजतो तोच 'स्पष्ट' वाटतो, भले फरक १-२ डेसिबलचा असो. डब्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका. दोन्हींवर ११० डेसिबल प्रति मिलिवॉट (ठराविक वीजशक्तीला किती आवाज) लिहिलं असेल, पण एक १६ ओहमचा (विजेला होणारा विरोध) आणि दुसरा ३२चा असेल तर तेवढ्याच व्होल्टेजवर पहिला ३ डेसिबल मोठा वाजतो. माझ्या मते निम्म्या रिव्ह्यूंमधली 'डिटेल' म्हणजे हा मोठा आवाजच असतो, पण हे माझं मत, भांडू नका.

ग्राफमधल्या (कुठला सूर किती मोठा वाजतो ते दाखवणाऱ्या) ८ किलोहर्ट्झच्या टोकालाही फार घाबरू नका. ७११ कपलरमध्ये (मोजणीसाठी वापरतात तो नकली कान) त्या सुमाराला येणारं टोक बहुतेकदा कपलरच्याच अनुनादाचं असतं, आणि आयईएम किती आत घातलाय त्यावर ते सरकतं. तुमच्या कानातलं टोक वेगळ्या जागी असणार.

मी काही ऑडिओ इंजिनिअर नाही, कानाचा डॉक्टर तर नाहीच. कान दुखत असेल किंवा त्यात शिट्टी वाजत असेल तर आधी डॉक्टरकडे जा. आणि तुमचा महागडा जोड अनेक बॅलन्स्ड आर्मेचरवाला (एका प्रकारचे छोटे ड्रायव्हर) असेल तर कशावर लावताय तेही कळवा. डोंगलचा (फोनला लावायच्या छोट्या हेडफोन अडॅप्टरचा) आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विजेला विरोध, जास्त असला तर तेवढ्यानेच ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, बदलतो. सिंगल डायनॅमिक (एकच, पडदा हलवणारा ड्रायव्हर) असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

टिप्स कुठल्या मापाच्या आहेत, डावी-उजवी वेगवेगळी लिहा.