आधी मंजुरी, मग खिळे

अलाबामातल्या मोबीलजवळ आमचं घर आहे. छप्पर बदलायला झालंय. सरकारी अनुदान मिळतं असं ऐकलं, पण कंत्राटदार पुढच्याच आठवड्यात काम सुरू करतो म्हणतोय. करू द्यावं का?

आजच फोन करून थांबवा त्याला. ‘स्ट्रेंगदन अलाबामा होम्स’मधून १०,००० डॉलरपर्यंत मदत मिळते, पण मंजुरीआधी जुनी शिंगलं (छपरावर वरून ठोकलेले आच्छादनाचे तुकडे) उतरवली की अर्ज निकालात. लुईझियानाच्या योजनेतही मर्यादा तेवढीच आहे आणि तिथे तर नंबर लॉटरीने लागतो.

छप्पर ‘फोर्टिफाइड’ या वादळात टिकणाऱ्या बांधकामाच्या मानकाप्रमाणे व्हायला हवं. म्हणजे प्लायवूड रिंग शँक खिळ्यांनी ठोकायचं (या खिळ्यांच्या अंगावर कडी असतात, त्यामुळे ते वाऱ्याने सहज उपसत नाहीत) आणि फळ्यांमधल्या फटी सील करायच्या. मग शिंगलं उडाली तरी पाणी घरात येत नाही. खरी मेख फोटोंची आहे. स्वतंत्र मूल्यमापक काम चालू असतानाचे फोटो मागतो. शिंगलं बसल्यावर खालचा खिळा कुणाला दिसणार? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने ‘फोर्टिफाइडसारखंच केलंय’ या कंत्राटदाराच्या शब्दावर पैसे मोजले. छप्पर खरोखर चांगलं असेलही, पण फोटो नाहीत म्हणून प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही म्हणून विम्याच्या प्रीमियममध्ये सवलत नाही. शिवाय हे प्रमाणपत्र ५ वर्षांचंच असतं, पुढची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा.

टॅम्पात आमचं १९९६ सालचं घर आहे. शेजाऱ्याचंही तेवढंच जुनं, तरी त्याचा प्रीमियम बराच कमी. असं का?

बहुधा त्याच्याकडे वादळी वाऱ्याच्या तपासणीचा, म्हणजे १८०२ क्रमांकाचा फॉर्म असेल. फ्लोरिडात या फॉर्मवरून सवलत देणं विमा कंपन्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे. तपासनीस माळ्यावर चढतो आणि छपराची तुळई भिंतीला कशी जोडलीय ते बघतो: नुसते तिरके ठोकलेले खिळे, धातूची क्लिप, की तुळईवरून वळवून घेतलेली पट्टी. पट्टीला सवलत जास्त. चारही बाजूंनी उतरतं ‘हिप’ छप्पर असेल तर तोही फायदा. नसेल तर त्यासाठी घर पाडायला निघू नका.

खिडक्यांबाबत सांभाळा. सगळ्यांना शटर लावले आणि न्हाणीघराची एक काच उघडी राहिली, तर फॉर्मच्या रकान्यात सगळ्या घराला त्या एका काचेचाच दर्जा धरला जातो. गॅरेजचं दारही विसरू नका. ते आत कोसळलं की वारा घरात शिरतो आणि छप्पर खालून उचलतो.

‘माय सेफ फ्लोरिडा होम’मधून तपासणी फुकट होते. पात्र ठरलात तर तुमच्या प्रत्येक १ डॉलरमागे योजना २ घालते, १०,००० पर्यंत. इथेही मंजुरी आधी, काम नंतर.

एजंट ४० टक्के सवलत म्हणाला होता. बिल तेवढं उतरलंच नाही. फसवलं का?

फसवलं नसावं, अर्धंच सांगितलं असावं. सवलत प्रीमियममधल्या वाऱ्याच्या भागावर असते. समजा वर्षाचे ३,००० डॉलर, त्यातले वाऱ्याचे १,८००. त्यावर ४० टक्के म्हणजे ७२०. एकूण बिलात २४ टक्केच. एजंटकडून वाऱ्याचा आकडा वेगळा लिहून घ्या.

त्याच कागदावर हरिकेन डिडक्टिबलही बघा. ते बहुतेकदा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यात असतं. ४,००,००० च्या घरावर २ टक्के म्हणजे पहिले ८,००० तुमच्या खिशातून. प्रीमियम उतरवण्यासाठी कुणी ते ५ टक्क्यांवर नेलं असेल, तर तो आकडा २०,००० होतो. इतकी रक्कम हाताशी नसेल तर असल्या ‘बचती’च्या वाटेला जाऊ नका.

एवढं सगळं केल्यावर पुराचं पाणी घरात शिरलं तर भरपाई मिळेल ना?

नाही. पूर घराच्या नेहमीच्या पॉलिसीत येत नाही, त्याचा विमा वेगळा. सरकारी पूर विमा घेतल्यावर तो लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात. वादळाला नाव पडल्यावर फोन करणारे मला दरवर्षी भेटतात.