गोदाकाठी सफाईला पहिल्यांदा येताय?
रविवारी येताना जाड रबरी हातमोजे आणि जुने बूट आणा, बाकी सामान आमच्याकडे आहे. रामकुंडाजवळ निर्माल्य गोळा करताना झेंडूच्या हारांतला दोरा आधी ओढून काढा. बरेचदा तो नायलॉनचा असतो, खतात कुजतच नाही. भाविकांशी वाद नको. टोपली पुढे धरली की बहुतेक जण आपणहून त्यात टाकतात.

जलपर्णीचं मात्र मनावर घ्या. जांभळी फुलं येण्याआधीच ती मुळासकट उपटा, कारण तिचं बी गाळात कित्येक वर्षं तग धरतं. ढीग काठावर ठेवलात तर पहिल्याच पुरात परत पाण्यात! वाहत गेलेली जलपर्णी खाली नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात साचते. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेलं. तिथले पक्षी एकदा बघून याच.